येतो म्हणून गेलेला

कोल्हापूरच्या बालविकास प्रयोगशाळेत साडेतीन वर्षांची मैना मऊ टोपी घालून बसली होती. तिचा मेंदू पुढच्या क्षणी कशाची वाट पाहतो, ते या टोपीचा अपेक्षालेखक पडद्यावर रेघेने दाखवी. मैना अजून एक शब्दही बोलली नव्हती.

"'दूध' म्हटलं की मेंदू दुधाची वाट पाहतो," डॉ. तांबवेकर तिच्या आईला, ऋजुताला, सांगत होते. "दूध आलं की शब्दावर भरवसा बसतो. भरवसा बसला की मूल बोलतं. मैनेचा भरवसा उडालाय. हे बघा."

"येते हं, मैना," म्हणत परिचारिका बाहेर पडली. रेघ चढली, ताटकळली आणि कोसळली.

"तिला वाटलं, कुणीतरी येणार. ती शब्द जसाच्या तसा घेते."

आणि मराठी माणूस तर घराबाहेर पडतो तो येण्याची बोली करूनच. दोन वर्षांपूर्वी ऋजुताचा नवरा हेमंतही "येतो गं" म्हणून पुलाच्या कामावर गेला, तो गेलाच. दिवसकार्य झाल्यावर नातेवाईकही "येतो" म्हणत पांगले. नंतर कोणी फिरकलं नाही. दिवसभर बोलायचं तर समोर ही मुकी पोर. तिच्या तोंडून निदान "आई" ऐकावं, एवढ्यासाठी ऋजुताचा जीव तुटे.

"उपचार साधा आहे," डॉक्टर म्हणाले. "'जाते' म्हणायचं आणि जायचं. तिच्यापुढे प्रत्येक शब्द खरा ठरला पाहिजे. हे वय उलटलं की अवघड आहे."

"असं अभद्र बोलायचं? आमच्या घरात?"

"ताई, शुभ बोलून तिच्या पदरात काय पडलं?"

ऋजुता मनावर दगड ठेवून "जाते" म्हणू लागली. घरी आणलेल्या अपेक्षालेखकावरची रेघ हळूहळू सावरली. पावसाळा सरता सरता एका सकाळी टोपी घालून बसलेल्या मैनेने तिचा पदर धरला.

"बाबा येतो?"

पहिलेच शब्द, आणि तेही हेच. ऋजुताला रडू फुटलं. आजवर ती स्वतःशीही जे बोलली नव्हती, ते तिला बोलावं लागलं.

"नाही, बाळा. बाबा गेला. तो येणार नाही."

रेघ खाली आली, पण कोसळली नाही. मैनेने बराच विचार केला.

"आई जाते?"

"कधीच नाही" हे शब्द ऋजुताच्या ओठांवर आले होते. पडद्यावरची रेघ उत्तरासाठी चढत होती.

"आज नाही," ती म्हणाली.