यादीतली सहा कामं

जुन्या संगणकांचा तो वैद्यच होता. कुणाचा दहा-बारा वर्षांचा डबा रडतखडत चालत असला, की तो त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही हलकीशी प्रणाली बसवायचा. मग आत विनाकारण चालणारं एकेक काम शोधून बंद करायचा. “म्हाताऱ्याच्या पाठीवर ओझं कशाला?” हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्या दुपारी भंगारातून आणलेलं एक मशीन त्याने बाहेरच्या खोलीत मांडलं. आत बायको आडवी झाली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि आता कुठे आठवा महिना लागला होता. हा माणूस दिवसातून दहा वेळा तिच्या पोटाला कान लावायचा. ती हसून हाकलायची.

लिनक्स बसलं. पडद्यावर चालू कामांची यादी आली. त्यातली सहा अनोळखी होती, नावाच्या जागी नुसते आकडे. ही त्याने बसवलेली नव्हती.

त्याने पहिलं बंद केलं. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक थांबली. सेल संपला असेल, असं तो मनाशी म्हणाला. काटा मात्र फिरत होता.

दुसरं बंद केलं. मोरीतला नळ गळत होता, थेंब पडताना दिसत होते, पण आवाज नव्हता. कानात दडे बसले असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. हाताची खोड वाईट. बोटांनी तिसरंही बंद केलं.

“अहो,” आतून हाक आली. “बाळ हलत नाहीये.”

तो धावला. पोटाला कान लावला. काहीच नाही.

“मघाशी तर लाथा मारत होतं हो!” ती रडकुंडीला आली.

तो उलट्या पावली मशीनकडे पळाला. तिन्ही कामं पुन्हा चालू करायला गेला, तर पडदाच गोठला. त्याने कळफलक बडवला. मग मशीन घरघरलं आणि एकेक ओळ परतली. घड्याळ वाजू लागलं. नळ ठिबकला.

“हललं! अहो, हललं!”

तो मशीनपाशीच खाली बसला. हे मशीन आता जन्मात बंद करायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं. उरलेली तीन कामं कशाची, हा विचारही त्याला सोसेना.

ती कंबर धरून बाहेर आली, डोळे पुसत, हसत. “किती तापलंय बघा हे. जरा निवू दे.”

तिचं बोट भिंतीवरच्या बटणावर होतं.

तो ओरडला. बटण दाबलं गेलं.

त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. ती अजून हसत होती. मग तिचा हात सावकाश पोटावर गेला.