तारोडीचे बारा रक्तगट

हाटकेश औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात रक्तदात्यांची यादी सांभाळणारी छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. २००६ सालच्या त्या सकाळी स्क्रीनवर तीनशे दात्यांची नावं, पत्ते आले, रक्तगट मात्र गायब. दिसत होते फक्त तारोडी गावच्या बारा जणांचे, आणि ती फाइल तिथेच कामाला असलेल्या संजनाने लिहिलेली. संशय घ्यायला आपल्याकडे एवढं पुरतं.

मालक ईश्वरभाईंनी खाजगी तपास करणाऱ्या सुचेता प्रधानांना बोलावलं. सोबत निवृत्त हवालदार धर्माजी. ईश्वरभाईंच्या मते बढती न मिळाल्याच्या रागात संजनाने स्वतःचं काम ठेवून बाकीच्यांचं पुसलं होतं. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर तिने उद्यापासून येऊ नये.

"चेहरा बघा मॅडम, हिनेच केलंय," धर्माजी कुजबुजले. हवालदारकी गेली तरी चेहरे वाचायची खोड गेली नव्हती.

संजना जवळच्याच राई गावची. तिने सांगितलं, या फायली एक्सएमएलमध्ये, म्हणजे प्रत्येक माहितीभोवती कंसातली खूण, टॅग, लावून लिहितात; नाव आणि पत्ता स्वतंत्र टॅगमध्ये असतात, त्यांना एलिमेंट म्हणतात. रक्तगट दात्याच्या टॅगच्या आतच अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लिहितात. ही नावं कोणत्या संचातली ते सांगणारी नेमस्पेस बाकीचे फाइलच्या वर एकदाच जाहीर करतात. ती मात्र प्रत्येक एलिमेंट आणि अ‍ॅट्रिब्यूटआधी नेमस्पेसचा प्रीफिक्स, म्हणजे तिची छोटी आद्याक्षरं, लिहायची. ऑफिसात तिला त्यावरून चिडवायचे.

मुख्य प्रोग्रामर दिपेशने कालच यादी वाचणारा प्रोग्राम बदलला होता. आता तो सगळं नेमस्पेससकट शोधत होता. "नावं येतायत ना? मग माझं बरोबर आहे," तो म्हणाला.

सुचेताताईंनी फायलींच्या तारखा पाहिल्या. महिनाभरात एकही बदललेली नव्हती. त्यांनी ईश्वरभाई, संजना आणि दिपेशला केबिनमध्ये बोलावून एक फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली. रक्तगट जागच्या जागी होते.

"पुसलेलं काहीच नाही. वर जाहीर केलेली नेमस्पेस प्रीफिक्स नसलेल्या एलिमेंटना लागते, अ‍ॅट्रिब्यूटना नाही. दिपेशचा प्रोग्राम रक्तगट नेमस्पेसमध्ये शोधतोय, ते तिथे नाहीतच. संजनाने प्रीफिक्स दिला, म्हणून तेवढे बारा सापडले."

धर्माजींनी मान खाली घातली. दिपेश उठला, रक्तगट नेमस्पेससकट आणि नेमस्पेसशिवायही शोधला जाईल अशी प्रोग्रामची एक ओळ बदलली, आणि सगळे रक्तगट आले.

"कुठली ओळ ते मी सांगितलं नव्हतं," सुचेताताई म्हणाल्या. "कधी कळलं तुम्हाला?"

"दुपारी," दिपेश म्हणाला.

संजनाला आता राग आवरेना. "सर, मी उद्या येईन," ती ईश्वरभाईंना म्हणाली. "पण सकाळपासून सगळ्यांनी मला चोर समजलंय. मी काही पुसलं नाही, हे त्यांच्यासमोर सांगा."

ईश्वरभाईंनी दार उघडून ऑफिसातल्या सगळ्यांना आत बोलावलं, आणि आधी स्वतः माफी मागितली.