चार बोटं खाली

ऊन गच्चीवर चढायच्या आत पहिली खाट बिबड्यांनी भरली होती. कौतिकबाई बऱ्हाटे ओल्या फडक्यावर ज्वारीचा शिजवलेला घाटा थापत होत्या, सुमन झोपे ते फडकं उचलून खाटेवर उलटं टाकत होती, आणि कठड्यावर ठेवलेलं लिंबाएवढं यंत्र, आकडेवाली, बोलत होतं.

"सोलापूरची फेकणारी. वेग चांगला. गिरकी मध्यम."

"गिरकी मध्यम म्हणजे बिनमिठाची बिबडी," कौतिकबाई म्हणाल्या. "पुढची सांग."

भुसावळच्या या गच्चीवर दर चैत्रात भिशीच्या चौघी जमत. आधी भिशी पैशांची होती. मग बायकांची बेसबॉल लीग आली, गावोगावच्या पोरी मातीच्या उंचवट्यावर उभ्या राहून चेंडू फेकायला लागल्या, आणि भिशीने पैसे सोडून पोरी वाटून घ्यायला सुरुवात केली. याला मनसंघ म्हणत. लीगमधल्या कुठल्याही संघातून आपल्याला हवी ती खेळाडू उचलायची. ती खऱ्या मैदानावर जे करील त्याचे गुण आपले. एक खेळाडू एकीचीच. म्हणून पहिली निवड कोणाची याला मोल, आणि ते भिशीच्या जुन्या रिवाजाने ठरे: स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून.

सगळी मदार फेकणारीवर, आणि तिचा हात आता झाकलेला राहिला नव्हता. चेंडूच्या शिवणीत तांदळाच्या कणीएवढं यंत्र असे. सरावात असो की सामन्यात, चेंडू किती वेगाने गेला, किती गिरक्या घेतल्या, जमिनीपासून किती उंचीवर हातातून सुटला, हे ती कणी सांगे आणि ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. बाकीच्या तिघी वेग आणि गिरकी ऐकून खूश असत. कौतिकबाई तिसरी शिकलेल्या. टक्के न् दशांश त्यांच्या डोक्यात शिरत नसत आणि शिरावेत अशी त्यांची इच्छाही नव्हती. त्यांनी आकडेवालीला बोटांच्या मापात बोलायला लावलं होतं, आणि त्या विचारत ती फक्त हातउंची. मुसळाने कांडणारी थकली की तिचा हात आधी उंची सोडतो, जोर मागाहून, हे त्यांनी माहेरी पाहिलं होतं. लागोपाठ दोन वर्षं त्यांचाच मनसंघ पहिला आला होता. गल्लीत हे कोणाला ठाऊक नसेल, तर त्या स्वतः थांबवून सांगत.

चौघींपैकी मंदाने डबा हलवला. पहिली चिठ्ठी कौतिकबाईंची.

"झालं!" सुमनने कपाळाला हात लावला. "गेली शलाका. आपण आपल्या बिबड्या वाळवाव्या."

शलाका कौतिकबाईंची भाची, भावाची मुलगी. खानदेशच्या संघात तिच्याएवढं जोरात फेकणारी दुसरी नव्हती. आई लवकर गेली म्हणून तिच्या सगळ्या सुट्ट्या आत्याकडे गेल्या, वेण्या आत्याने घातल्या, आणि आत्या बोट दाखवेल ती चिंच दगड मारून पाडण्यात तिचा हात तयार झाला. पहिली चिठ्ठी निघाली की कौतिकबाई तिलाच घेत.

या वर्षी त्यांनी घाट्याचा गोळा हातातच ठेवला. शलाकाचा आकडा त्यांनी सकाळी चहा पितानाच विचारला होता. हातउंची दिवाळीपासून चार बोटं खाली. वेग उलट वाढलेला. खांदा साथ देईनासा झाला की सगळा भार कोपरावर येतो. चार दिवस जोर वाढल्यासारखा वाटतो आणि मग एके दिवशी काय ते होतं.

"कोल्हापूरची मृणाल पोवार," त्या म्हणाल्या.

मंदाचा हात डब्यातच राहिला.

"आणि भाची, अक्का?" सुमनने विचारलं.

"भाची जेवायला. संघात आकडा."

"माय वं! सख्खी भाची सोडली?"

"तुला पाहिजे तर घे की. मी काय अडवलंय?"

सुमनने दुसऱ्या निवडीत शलाकाला असं घेतलं, जसं पडलेलं सोनं उचलावं. कौतिकबाईंनी मान खाली घालून बिबडी थापली. त्यांना हसू आवरत नव्हतं. बी.ए. झाली सुमन, पण वेगाला भुलली.

तेवढ्यात शलाकाचाच फोन आला. कौतिकबाईंनी ओल्या हाताने तो उचलून कठड्याला टेकवला. पडद्यावर शलाका, मागे मैदान.

"आत्या, निवड झाली? मी पहिली ना?"

"नाही घेतली तुला. सुमनमावशीने घेतली."

"काय! का गं?"

कौतिकबाईंच्या ओठांवर आलं होतं: हात दुखतो का गं तुझा? एवढंच विचारायचं होतं. पण सुमन अडीच हातांवर बसली होती, आणि फडकं झटकायचं थांबवून तिने कान इकडे लावले होते. निवड अजून अर्धी बाकी होती. आत्ता हाताचं नाव काढलं, तर सुमन तिथल्या तिथे शलाकाला परत टाकून दुसरी उचलणार.

"फार लाडावलीस म्हणून," कौतिकबाई म्हणाल्या. "कधीतरी दाखव काही करून."

"असं का?" शलाका हसली. "दाखवतेच मग. बघच तू या वर्षी."

संध्याकाळी तिला निवांत फोन करू, असं कौतिकबाईंनी ठरवलं. संध्याकाळी बिबड्या उतरवायच्या होत्या, मग डबे भरायचे होते. नंतर मोसम सुरू झाला. शलाका पहिले दोन सामने अशी खेळली, की सुमन जिन्यातून येताजाता, "कशी आहे आमची शलाका!" म्हणायला लागली. आता फोन करून दुखण्याचं विचारणं म्हणजे आपलीच निवड चुकली असं कबूल करणं. ते कौतिकबाईंच्या स्वभावात नव्हतं.

तिसऱ्या सामन्यात चेंडू शलाकाच्या हातातून सुटला आणि भलतीकडे गेला. ती कोपर धरून उंचवट्यावर खाली बसली.

जळगावच्या इस्पितळात कौतिकबाई पोचल्या तेव्हा शलाकाचा उजवा हात छातीशी बांधलेला होता. कोपरातला बंध तुटला होता. लिहिता येईल, पोळ्या लाटता येतील, डॉक्टर म्हणाले होते. फेकण्याचं त्यांनी काही म्हटलं नव्हतं, आणि शलाकाने विचारलं नव्हतं.

"दुखत होता तर बोलली का नाहीस?" कौतिकबाई खेकसल्या. आवाज चढवला की डोळ्यांतलं पाणी थांबतं, हा त्यांचा जुना अनुभव होता. या वेळी थांबलं नाही.

"थोडं दुखतंच गं सगळ्यांचं. चेंडू तर जोरात जात होता. मला वाटलं, जमतंय."

"आणि ते आकडे? सगळ्या जगाला ऐकू येतात ते?"

"जगाला येतात, आम्हाला नाही. सराव सुरू झाला की मोसम संपेपर्यंत फेकणारीला तिचा आकडा ऐकवायचा नाही, आमच्या करारातच आहे. मन बिथरतं म्हणे."

"तुझ्या प्रशिक्षकांना तर कळत असेल?"

"असणारच. माझ्या जागेवर दुसरी पोरगी त्यांनी आधीच बघून ठेवली होती. ती तयार होईपर्यंत मी जेवढी फेकीन तेवढी." शलाका खिडकीकडे बघत बोलत होती. "त्यांनी मला केव्हाच सोडलं होतं आत्या. फक्त मला सांगितलं नव्हतं."

कौतिकबाई मोसंबं सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

शलाकाने मान वळवली. तिने आत्याच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"तू पण म्हणूनच नाही घेतलंस ना मला?"

रागाने विचारलं असतं तर कौतिकबाईंना जड गेलं नसतं. रागाला त्यांच्याकडे उत्तर असे. सासूला होतं, नवऱ्याला होतं, वीज तोडायला आलेल्या माणसालाही होतं. पण पोरीने गाडीची वेळ विचारावी तसं विचारलं. कौतिकबाईंनी मोसंबं खाली ठेवलं आणि पिशवीतून कंगवा काढला. एका हाताने वेणी घालता येत नाही, म्हणून शलाकाचे केस दोन दिवस तसेच होते. त्यांनी गुंता सोडवला, तीन पेड काढले, आणि लहानपणी घालत तशी घट्ट वेणी घातली.

घरी येताना गाडीत त्यांच्या मनात एकच येत होतं. पोरीला ताप आहे असं कळलं असतं, तर त्या नेसत्या लुगड्यानिशी निघाल्या असत्या. चार बोटं खाली, हेही तापाएवढंच स्वच्छ सांगणं होतं. त्यांनीच ते संघासाठी ऐकलं, पोरीसाठी ऐकलं नाही.

पुढची भिशी मंदाकडे होती. कौतिकबाईंचा मनसंघ पुन्हा पहिला होता आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नव्हतं. शलाकाला कौतिकबाईंनी का सोडलं होतं ते आता उमगलेली सुमन कोपऱ्यात बसून गवार मोडत होती.

"शलाकाची हातउंची निवडीआधी किती जणांनी ऐकली?" कौतिकबाईंनी सगळ्यांसमोर आकडेवालीला विचारलं.

"दोन लाखांच्या वर."

"त्यातल्या कोणी तिला सांगितलं?"

"तो आकडा माझ्याकडे नाही."

गवार मोडायचा आवाज थांबला होता.

"कोल्हापूरच्या मृणाल पोवारची हातउंची सांग."

"मोसमाच्या सुरुवातीपासून दीड बोट खाली. वेग वाढलेला."

मंदाने सुमनकडे पाहिलं. मृणाल ही कौतिकबाईंची पहिली निवड. तिच्या जिवावर त्या पहिल्या होत्या. ती बाहेर बसली की संपलं.

"हे तिच्यापर्यंत पोचवायची काही सोय?"

"खेळाडूंना मोसमात आकडे कळवता येत नाहीत."

"तिच्या घरी कोण असतं? आई, आत्या, कोणी?"

"तो आकडा माझ्याकडे नाही."

कौतिकबाईंनी आकडेवाली उचलली आणि मंदाच्या पिठाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. मग सुमनच्या शेजारी जाऊन बसल्या, इतक्या जवळ की तिला सरकावं लागलं.

"आता काय नवीन डाव, अक्का?" सुमन म्हणाली. आवाजात अजून राग होता, आणि तो असायलाच हवा होता. "मृणाल थांबली तर तुमचा पहिला नंबर जाईल."

"नंबर घाल चुलीत. तुझी धाकटी नणंद कोल्हापुरातच दिलेली आहे ना?" कौतिकबाईंनी तिच्या पुढ्यातली गवार आपल्याकडे ओढली. "तिला आत्ता फोन लाव, आणि विचार, पोवारांच्या घरात कोणा बाईला ओळखतेस का गं?"