जेवल्यावरचं ताट

जेवून आलात ना सगळे? नसाल तर आधी खाली जा, चार घास पोटात ढकला आणि मग या गच्चीवर. ही गोष्ट उपाशीपोटी ऐकायची नसते. जयेश, तू दोनदा जेवला असशील, ते दिसतंयच. बस.

आणि ओजस, तो कॅमेरा मांडीवरून खाली ठेव. रोज एक फोटो काढायचं व्रत घेतलंय म्हणे साहेबांनी. काल मांजर, परवा चहाचा कप, तेरवा स्वतःचीच चप्पल. शिवांगी, तू कशाला हसतेस? तुझ्यापुढे ताट आलं की आधी तुझा मोबाईल जेवतो, मग तू. तुमच्या बाळाजीकाकाची शाळा सातवीत सुटली, तेव्हा त्याला यातलं फार काही कळत नाही. पण एवढं कळतं, की फोटो काढणाऱ्याला वाटतं, आपण दाखवलं तेवढंच समोरच्याला दिसतं. तसं नसतं रे बाबांनो.

"अंकल, भूत कधी येणार?"

येईल. जयेश, त्याला तुझ्यासारखी घाई नाही.

तर गुरुवार होता. चौदा नोव्हेंबर, दोन हजार चोवीस. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं, आणि उबेद खुबूस, तंदूरची रोटी, आणायला खाली उतरला. इथंच, बहरीनच्या या झिंजमध्ये, इथून तिसरी गल्ली, कोल्ड स्टोर म्हणतात त्या किराणा दुकानाच्या वरची बिल्डिंग. हिद्दला बंदरावर एका वर्कशॉपमध्ये क्रेनचा मेकॅनिक. पहाटे पाचला व्हॅनमध्ये बसायचा, संध्याकाळी पावणेसातला व्हॅनमधून सांडायचा. सांडायचाच म्हणायचं, उतरायला अंगात काही उरलेलं नसायचं. बंदरात जहाजांची रांग लागली होती आणि दीड महिना सुट्टीचा शुक्रवारसुद्धा अर्धाच मिळत होता. पायऱ्या उतरताना त्यानं कठड्याला धरलं होतं, म्हाताऱ्यासारखं. वय किती? एकतीस.

तंदूरवाल्याच्या रांगेत तो उभ्यानंच डुलत होता. मागच्या माणसानं "यल्ला, यल्ला" म्हणत ढोसलं तेव्हा जागा झाला. एक खुबूस घेतला. फक्त एक. कारण त्याला जेवायचं नव्हतंच.

त्याला फोटो काढायचा होता.

आता हे नीट ऐका. उबेद श्रीवर्धनच्या अलीकडच्या एका गावचा. घरी अम्मी, नूरबानो, आणि धाकटी बहीण सुमय्या. बहरीनला आल्यावर त्यानं जुन्या बाजारातून एक सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि याला लागलं की वेड! रोज एक फोटो काढायचा, मोबाईलवर घ्यायचा, अम्मीला पाठवायचा. बंदराची क्रेन, समुद्रावरची होडी, पत्र्यावर झोपलेली मांजर. हात चांगला होता पोराचा. पण अम्मीनं आठवडाभर बघितलं आणि म्हणाली, "रे, ही जहाजं घालू काय मी चुलीत? तुझं ताट दाखव. जेवतोस काय ते बघू दे."

झालं. त्या दिवसापासून रोज ताट. तिकडे रात्री साडेनऊ, इकडे सात. कॅमेऱ्याचं घड्याळही त्यानं अम्मीच्याच वेळेवर ठेवलेलं. आणि अम्मीचा नेम असा, की पोराचं ताट दिसल्याशिवाय आपल्या ताटाला हात लावायचा नाही. शुगरची गोळी घेऊन बसायची फोनकडे बघत. ताट आलं की म्हणायची, "जेव रे बाबा," आणि मग पहिला घास.

सुट्टीवर गेला तेव्हा तिला कॅमेरा शिकवायचा चंग बांधला यानं. तिनं त्याचे, सुमय्याचे, कोंबड्यांचे पंचवीस-तीस फोटो काढले. प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात तिचा अंगठा! उबेद पोट धरून हसायचा. "अम्मी, फोटो माझा काढतेस की अंगठ्याचा?" ती म्हणायची, "असू दे. मी पण होते तिथं, कळेल लोकांना." मग त्याला शेजारी बसवून बांगडा भरवायची, एवढ्या घोड्याला. एकेक काटा काढायची आणि ताटाच्या कडेला ओळीनं लावत जायची. सरळ ओळ, जशी पोरं शाळेच्या प्रार्थनेला.

मग जहाजांची रांग लागली. थकून आलेल्याला स्वयंपाक कुठला? खोलीतले दोघे, हाशिम आणि वकार, यांच्या शिफ्टा वेगळ्या. हा यायचा, पाणी प्यायचा, पडायचा. कधी केळं, कधी तेही नाही. पण ताटाचं काय? तिकडे अम्मी खोळंबलेली.

तेव्हा त्याला एका दीडशहाण्यानं अक्कल दिली. व्हॅनच्या ड्रायव्हरनं. म्हणाला, "अरे येड्या, रोज कशाला काढतोस? शुक्रवारी हिद्दला कोकणी मंडळींची दावत आहे, पन्नास पदार्थ असतील. एका दुपारी महिन्याभराची ताटं काढून ठेव. रोज एक सोडायचं. खलास!"

आणि काढली. मांडवाच्या कडेला बसून पंचवीस ताटं. कधी बिर्याणी, कधी डाळ-भात, कधी कोळंबीचं कालवण. तो दीडशहाणा एकच पापड या ताटातून त्या ताटात हलवत होता आणि हसून हसून लोळत होता. उबेदही हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

"काका, तो ड्रायव्हर…" शिवांगी विचारते आहे.

हो. तोच. व्हॅन कोण चालवायचं? तुमचा बाळाजीकाका. पुढे ऐक.

दुसऱ्या दिवसापासून रोज एक ताट सुटायला लागलं. पाठवलं की कॅमेऱ्याच्या कार्डावरून पुसून टाकायचं, म्हणजे तेच परत जायला नको. अम्मी खूष. उबेद सातला पाठवायचा आणि सव्वासातला मेलेला असायचा. म्हणजे… झोपलेला.

अठरा-एकोणीस ताटं गेली आणि एका रात्री अम्मीचा आवाज आला फोनवर. "उबेद, एक विचारू? तुझ्या ताटावर रातचं ऊन कसं पडतं रे?"

घ्या! ताटं सगळी दुपारच्या मांडवातली. कॅमेरा शिकलेला हा, आणि ऊन दिसलं अंधाऱ्या चुलीपुढे जन्म गेलेल्या बाईला. उबेद झोपेत होता. म्हणाला, "इथं सूर्य उशिरा मावळतो, अम्मी."

"हां?" एवढंच म्हणाली ती.

शेजारच्या रशीदाचा पोरगाही इकडेच, मनामाला. तिनं सांगितलं असणार, की नोव्हेंबरात तिथं पाचच्या आत सूर्य बुडतो. अम्मी भांडली नाही. पुढची ताटंही मुकाट बघत राहिली. मंगळवारी साठा संपला. बुधवारी सकाळी तिचा आवाज आला, हळू, मधे मधे दम घेत. "भरलेलं ताट आता नको पाठवू. जेवल्यावरचं पाठव. उष्टं. ते बघीन, मग मी बसेन जेवायला."

बुधवारी ओव्हरटाइम होता. त्यानं लिहिलं, "उद्या नक्की, इंशाल्ला."

तर हा गुरुवार. खुबूस हातात घेऊन उबेद वर आला. हाशिम आणि वकार दुपारीच उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला निघालेले, पुलावरून सौदीला. खोलीत हा एकटा. दाराला आतून कडी घातली. टेबलावर ताट ठेवलं. कॅमेरा शेजारी. डोक्यात योजना पक्की होती. खुबूसचे चार तुकडे करायचे, ताटात कालची डाळ फासायची, बोटं फिरवायची, झालं उष्टं ताट. खायचं तर चावायला ताकद लागते ना. फासायला लागत नाही. बघा, लबाडीची कशी सवय लागते.

फ्रिजपर्यंत जायचं होतं. पाच पावलं. म्हणाला, एक मिनिट बसू. खिशातला मोबाईल कधीच बंद पडला होता. चार्जरला लावायचा होता. तेही एक मिनिटानं. सात चाळीसला त्यानं घड्याळ बघितलं, एवढं त्याला आठवतं.

डोकं टेबलावर टेकलं.

मग…

मग त्याला कसला तरी वास आला. तळलेल्या बांगड्याचा. तिरफळाचा. झोपेतच त्याला वाटलं, खालच्या मजल्यावर कोणी तळत असेल. डोळे उघडेनात. पापण्यांवर कोणी वाळूची पोती ठेवावीत तसं. खोलीतली ट्यूब त्यानं चालू ठेवली होती, पण पापण्यांपलीकडे अंधार होता. एसीची घरघर थांबलेली.

खुर्ची सरकली. शेजारची.

त्याला भीती नाही वाटली. खरं सांगतो, तो नंतर शपथेवर म्हणाला, भ्यायलासुद्धा अंगात जोर लागतो. तो नव्हता.

ओठांना काही तरी लागलं. भात. कोमट. बोटांच्या टोकांवर धरलेला.

त्यानं तोंड उघडलं.

घास गेला. त्यात मासा होता. काटा नव्हता. दुसरा घास. तिसरा. मधे जरा वेळ थांबायचं… काटा काढताना थांबतात तेवढंच… आणि परत घास. त्याला एकदा "अम्मी" म्हणायचं होतं. तोंडात घास होता.

किती वेळ… कोण जाणे.

मग पदरानं तोंड पुसल्यासारखं झालं.

मग काही नाही.

त्याला जाग आली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. ट्यूब चालू. एसी चालू. दाराची कडी आतून घातलेली. खुबूस पिशवीत तसाच, गाठ न सोडलेला. आणि पोट… पोट भरलेलं. दीड महिन्यात पहिल्यांदा.

त्यानं ताटाकडे बघितलं.

ताटाच्या कडेला काटे होते. बांगड्याचे. ओळीनं लावलेले. सरळ.

आता भीती आली. एकदम आली. त्यानं मोबाईल चार्जरला लावला. फोन उघडला. सुमय्याचे सतरा मिस कॉल. त्यानं लावला. पलीकडे बराच वेळ नुसतं रडणं. मग, "भाईजान… अम्मी… साडेदहाला."

इकडचे आठ.

सुमय्या सांगत होती. आठ दिवस अम्मी रात्रीची जेवली नाही. मला सांगायची नंतर जेवते, आणि ताट झाकून ठेवायची. म्हणायची, पोर खोटं ताट दाखवतंय म्हणजे ते उपाशी आहे, मी कशी जेवू? गोळ्या मात्र घेत होती, उपाशीपोटी. आज तिनं बांगडा तळला. म्हणाली, आज नक्की येणार त्याचं ताट. फोन हातात धरून बसली होती…

"आणि तिचं ताट?" उबेदनं विचारलं.

"झाकलेलंच आहे. कोणाची उघडायची छाती नाही होत."

पहाटे चारला व्हॅननं त्याला विमानतळावर सोडलं. वाटेत तो एकच वाक्य बोलला. "काका, मी फोटो पाठवलाच नाही." काकांना त्या दिवशी एकही विनोद सुचला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. दुपारी माती झाली, हा संध्याकाळी पोचला.

खोलीची चावी काकांकडे होती. ते वर गेले. ताट टेबलावर होतं. काटे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. तीन दिवसांनी हाशिम आणि वकार परत आले, वास येतो म्हणून ताट घासून टाकलं. बिचाऱ्यांना काय माहीत?

"मग अंकल, प्रूफ काहीच नाही," जयेश म्हणतोय. "थकलेला होता. ड्रीम असेल. कोणी तरी शेजाऱ्यानं मासा आणून दिला असेल."

आतून कडी होती रे. पण चल, तुझं खरं. काकांनाही तेच खरं वाटायला हवं होतं. फार हवं होतं.

दोन आठवड्यांनी उबेद परत आला. कॅमेऱ्याला हात लावेना. म्हणाला, "काका, हा घेऊन जा. नको मला." ओजस, तुझा हा जसा आहे ना, तसाच छोटा होता. काकांनी घरी नेला आणि सहज बटण दाबलं. कार्ड रिकामं असायला हवं होतं. पंचवीसच्या पंचवीस ताटं त्यानं पुसलेली.

एक फोटो होता.

खाली तारीख, चौदा नोव्हेंबर. वेळ, रात्रीचे दहा बावन्न. अम्मीच्या घड्याळाची वेळ.

त्यात टेबल होतं. टेबलावर डोकं टेकून झोपलेला उबेद. त्याच्यापुढे जेवल्यावरचं ताट, कडेला काट्यांची ओळ. ऊन नव्हतं कुठं. फोटो जरा तिरका आलेला.

आणि डाव्या कोपऱ्यात, धुरकट… अंगठा.