खांद्यावर दोन थापा

गॅरेजचं शटर अर्धं ओढून मिस्त्री स्टुलावर बसले. हाताखालचे दोघे घरी जायचं नाव घेईनात.

"बसा मग. आज सांगूनच टाकतो," ते म्हणाले. "माझ्या ओळखीतल्या बाईची गोष्ट आहे. तिनेच मला सांगितली."

ती प्रयोगशाळेत रक्त तपासायची. पाळी रात्री अकराला सुटायची, आणि नऊ वर्षं तिला न्यायला तिचा दादा बाइकवर यायचा. मागे नीट बसली की ती त्याच्या उजव्या खांद्यावर दोन थापा मारायची. त्याशिवाय तो क्लच सोडायचा नाही. "चढलं का सामान?" म्हणून वर चिडवायचा. वाटेत बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून वळायचं असलं की ती गुडघ्याने खूण करायची. डावा टेकवला की डावीकडे.

एका रात्री तिला घरी सोडून तो पेट्रोल भरायला परत फिरला. पुलाच्या वळणावर मागून एक मोटार आली, त्याला उडवून निघून गेली. कोण होतं, तेव्हा कळलं नाही.

सहा महिने ती कुणाच्याच मागे बसली नाही. मग या गॅरेजात आली.

"मला माझी गाडी हवी."

"स्कूटर घे, ताई. बाइक जड जाईल."

"नऊ वर्षं मागे बसून सगळी वळणं पाठ झालीत, काका. आता फक्त एक सीट पुढे सरकायचंय."

चार गाड्यांवर बसून, पाय टेकतात का बघून, तिने काळी निवडली. मैदानात दोनदा आपटली, तिसऱ्यांदा सुटली ती सुटलीच. मागचे फुटरेस्ट मात्र तिने मिस्त्रींकडून दुमडून तारेने बांधून घेतले. मागे कुणी बसायचं नाही.

चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. रात्रीचे अकरा वीस. तिने गाडी सुरू केली. क्लच सोडणार, तोच...

उजव्या खांद्यावर दोन थापा.

तिने मागे पाहिलं. कुणी नव्हतं. सीट मात्र दबलेली.

"दादा?"

कमरेला डावा गुडघा टेकला.

ती डावीकडे वळली. मग उजवा. पुन्हा उजवा. घरचा रस्ता मागे राहिला. एक बंगला. उघडं फाटक. आत करडी मोटार. जुनी, पण पुढचा बंपर कोरा.

मालक टॉर्च घेऊन बाहेर आला. उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला. मग तिच्या मागे.

"इतक्या रात्री दोघं कशाला..."

टॉर्च हातातून पडला.

"मी थांबणार होतो," तो म्हणाला. "शप्पथ... तू हलत होतास... मी घाबरलो..."

तो तिच्याशी बोलत नव्हता.

तिने हँडल आवळलं. दात आवळले.

"दादा, याला सोडू नकोस."

मागचं ओझं उतरलं. मालक धावत मोटारीत शिरला, फाटकातून सुसाट निघाला. ती जागची हलली नाही. सकाळी मोटार सापडली. त्याच वळणाखाली, चाकं वर. मालक आतच.

मिस्त्री थांबले.

"आणि तो बंपर?" दोघांतल्या एकाने विचारलं. "बदलला कुणी?"

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले.

"मी. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी आला होता. म्हणाला, कुत्रं आडवं आलं. फटीत शर्टाची चिंधी अडकली होती... निळी. मी ती ओढून काढली. फेकली. विचारलं नाही काही."

"तिला माहीत आहे?"

"काल सांगितलं. नुसती माझ्या मागे बघत राहिली."

तिघे बाहेर आले. मिस्त्रींच्या गाडीचे मागचे फुटरेस्टही तारेने बांधलेले असायचे. संध्याकाळी त्यांनीच दोघांसमोर तार आवळली होती.

आता दोन्ही उघडे होते.

मिस्त्री बसले. गाडी सुरू केली. क्लच सोडेनात. कशाची तरी वाट बघत राहिले.

"मिस्त्री... निघताय ना?"

त्यांचा उजवा खांदा खाली दबला. एकदा. पुन्हा एकदा.

त्यांचं घर उजवीकडे. गाडी डावीकडे वळली. पुलाच्या दिशेने.

दोघांनी मोबाइलचा उजेड खाली धरला. तार मातीत पडलेली होती. तुटलेली नव्हती. गाठही तशीच होती.