कव्हरवरचं पोर

यातलं एक अक्षरही माझ्या मनाचं नाही. ज्याच्यासोबत हे घडलं तो मितेश माझा मावसभाऊ. रोह्याला राहतो. गोष्ट मागच्या दिवाळीनंतरची.

पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करून मितेशचा हात बसलेला. पुढे तो कॉमिकची चित्रं काढू लागला. त्या वेळी पहिल्यांदाच त्याला एका भयकथेचं कव्हर मिळालं. नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी बाई. मूल घ्यावं तसे हात.

पण हात रिकामे.

समोर बघून काढायला त्याला बाई हवी होती. घरी भांडी घासायला येणाऱ्या आवडीला त्याने खिडकीपाशी उभं केलं. तिचा मुलगा त्याच वर्षीच्या पावसाळ्यात कुंडलिका नदीच्या पुरात गेला होता. मितेशला ते माहीत होतं.

म्हणूनच त्याने तिला निवडलं.

"पोर घेतल्यासारखे हात धर," तो म्हणाला.

तिने धरले. चित्र कसलं, ते त्याने सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

रफ झकास उतरलं. दुपारी त्याने ते मोठ्या कागदावर घेतलं आणि पक्क्या पेन्सिलीने काढायला बसला. चेहरा झाला. पदर झाला. उठून चहा घेऊन आला, तर...

बाईच्या कोपराच्या खळगीत एक गोल रेघ होती.

आपणच ओढली असेल म्हणून त्याने खोडली. बाईचे केस पुरे केले. पुन्हा खाली पाहिलं...

आता तिथे डोकं होतं. लहान मुलाचं. एक कान फाटलेला.

घरात दुसरं कुणी नव्हतं. त्याने पुन्हा खोडलं. बोटांना नदीच्या गाळाचा वास यायला लागला.

संध्याकाळी आवडी भांड्यांना आली, तोवर पोराचा चेहरा पूर्ण झाला होता. डोळे मिटलेले. ती टेबलापाशी थबकली.

"हा माजा आदेश हाय."

मितेशने त्या मुलाला कधी पाहिलंच नव्हतं.

कान कुत्र्याने फाडला होता, तिने सांगितलं. पोराचा एकही फोटो तिच्याकडे नव्हता. पुरानंतर तो सापडलाही नव्हता. मग अगदी हळू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्याला, दादा. खोडू नका."

मितेश बरं म्हणाला. कागदाला हात न लावता ती बराच वेळ बघत बसली. मग गेली.

तेवढ्यात मृणालीचा फोन. कॉमिक तीच छापत होती. चित्राचा फोटो पाहून म्हणाली, मूल काढून टाक, मूल दिसलं की लोकांना कीव येते, भीती वाटत नाही. सकाळपर्यंत दे, नाहीतर काम दुसऱ्याला जाईल.

मितेशने रबर उचलला.

कान गेला. हनुवटी गेली. रबराचा चुरा ओला निघत होता. शेवटी डोळे उरले...

ते उघडे होते.

त्याने डोळेही खोडले.

सकाळी आवडी आली. काय सांगायचं ते त्याने जुळवून ठेवलं होतं. पण ती चित्र बघून हसली. या बाईने हात असे का धरलेत, विचारू लागली.

"आवडी, आदेश..."

"कोन आदेश?"

तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मितेश तसाच तिच्या वाडीवर गेला. तिचा नवरा केरू दारात सायकलची चेन पुसत बसला होता. मुलाचं विचारलं, तर म्हणाला, आमाला मूलबाळ झालंच नाय.

त्याच्या हातातलं फडकं म्हणजे लहान मुलाचा शर्ट होता.

कुणाचा, ते केरूला सांगता येईना. तो पुसत राहिला.

कव्हर छापून आलं. लोकांना फार आवडलं.

हे सगळं मितेशने मला शिमग्याला सांगितलं. रडत. काल लिहायला बसलो म्हणून त्याला फोन केला. त्या मुलाचं वय काय होतं, विचारलं.



"कुठला मुलगा?" मितेश म्हणाला.

मी फोन ठेवला. तेव्हापासून त्या मुलाचं नाव मनात घोकतोय. झोप लागायच्या आधी तर जास्तच.