आईचा रकाना

स्तारा झागोरा शहरातल्या त्या कचेरीत सकाळी सगळ्यात आधी काय होत असेल, तर कॉफी. ती गाळून होईपर्यंत स्विलेन संगणकाची काळी खिडकी उघडतो आणि एका ओळीची कमांड देतो. कमांड सर्व्हरवर जाते, गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर कोणकोणते रकाने आहेत ते बघते आणि एक फाइल लिहून आणते: हा रकाना मजकुराचा, हा तारखेचा, हा सक्तीचा, हा रिकामा चालेल. फॉर्ममागे चालणाऱ्या स्क्रिप्टला त्या फाइलच्या शब्दाबाहेर जाता येत नाही. गेली की ओळीखाली लाल रेघ. माणसं काहीही सांगतात, फाइल आहे तेच सांगते, म्हणून स्विलेनला हे काम आवडायचं.

माणसं काहीही सांगतात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! आपली आई प्लोवदिवला पियानो शिकवते, असं त्यानं कचेरीत सांगून ठेवलं होतं. आई, स्तानका, गावाकडच्या शेळ्या विकून शरदात त्याच्याच भाड्याच्या घरी राहायला आली होती. तिनं सफाईच्या ठेकेदाराकडे नाव घातलं आणि ठेकेदारानं तिला नेमका त्याच्याच कचेरीचा मजला दिला.

"बरं झालं, दुपारीपण तुझं तोंड दिसेल," ती म्हणाली.

"आई, तिथे... ओळख नको दाखवूस."

घेवड्याचं सूप ढवळताना तिनं मानसुद्धा वळवली नाही. "बरं, साहेब. तिथला पियानो पुसू का नको?"

ही थाप तिला कुठून कळली, ते विचारायची त्याची छाती झाली नाही.

पहिल्याच दिवशी कचेरीप्रमुख ओग्न्यान सगळ्यांसमोर त्याला म्हणाला, "नव्या मावशींचं बोलणं ऐकलंस का रे? थेट तुमच्या डोंगराकडचं. ओळखीच्या?"

"नाही," स्विलेन म्हणाला.

मावशी तिथेच फडकं पिळत होत्या. पिळणं थांबलं नाही.

त्यानं मान खाली घातली आणि उगाचच पुन्हा कमांड दिली. काम लहान मुलांच्या एका दवाखान्याचं होतं: बाळाचं नाव, जन्मतारीख, आई. सकाळी फाइलमध्ये होतं, 'आई: व्यक्ती, सक्तीची'. आता होतं, 'आई: व्यक्ती किंवा काही नाही'.

सर्व्हरवरचा फॉर्म त्यानं उघडून पाहिला. रकाना जागेवर होता, सक्तीची लाल चांदणीही होती. कुणी हात लावल्याची खूण नव्हती.

शेजारच्या टेबलावरच्या बिल्यानानं आपल्याकडे तीच कमांड चालवली. "माझ्याकडे सक्तीचीच आहे. तुझ्याच मशीनला आई नकोशी झालीय!"

ती हसली. मग तिची नजर स्विलेनच्या नाकावरून मावशींच्या नाकावर गेली आणि तिथून खिडकीबाहेर. बिल्याना हिशेबाची पक्की. जमा झालेलं लगेच खर्च करणारी नव्हे.

स्विलेननं फाइल लिहिणारं ते साधन काढून टाकलं, नव्यानं बसवलं, जुन्या फाइली पुसल्या. तेच आलं. आपलंच काहीतरी चुकत असणार, असं त्यानं ठरवलं. चूक आपली असली की हुशार माणसाला बरं वाटतं, ती दुरुस्त करता येते.

एक मार्चला मावशींनी सगळ्यांसाठी मार्तेनित्सा, वसंताच्या स्वागताला बांधायचे लाल-पांढरे दोरे, आणल्या. घरी वळलेल्या. टेबलाटेबलाशी जाऊन त्यांनी एकेकाच्या मनगटाला बांधल्या, आरोग्य मागितलं. ओग्न्याननं त्यांच्या गालाचा मुका घेतला. स्विलेन शेवटचा. त्यानं हात पुढे केला. लहानपणापासून करायचा तसाच, तळवा वर. ते ध्यानात येताच तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "आभारी आहे हं, मावशी."

गाठ मारणारी बोटं क्षणभर थबकली. मग तिनं गाठ पुरी केली. बिल्याना आपला स्क्रीन पुसू लागली. तो स्वच्छच होता.

त्या संध्याकाळी घरी जेवताना स्तानकानं विचारलं, "तुम्हाला दही वाढू?"

"आता घरीही साहेब?" तो हसला. कान तापले होते.

ती हसली नाही. हातात डाव धरून उत्तराची वाट बघत राहिली.

"वाढ," तो म्हणाला. माफी मागायला जीभ उचलली होती, पण समोर दही आलं.

रात्री तिच्या खोलीची कडी लागल्याचा आवाज आला. ती कधी कडी लावत नसे.

सकाळी ती आधीच निघून गेली होती. टेबलावर एकच कप धुऊन उपडा ठेवला होता.

कचेरीत त्यानं कमांड दिली. बाळाचं नाव. जन्मतारीख. त्याखाली काही नव्हतं. त्याच्या स्क्रिप्टमध्ये जिथे जिथे 'आई' होतं, तिथे लाल रेघ उमटली होती.

त्यानं ती ओळ फाइलमध्ये हातानं लिहिली. पुन्हा कमांड दिली. ओळ गेली.

"बिल्याना, तुझ्याकडे बघ."

तिनं बघितलं. या वेळी ती हसली नाही. "माझ्याकडे आहे, स्विलेन." मग हळूच म्हणाली, "जा ना. जाऊन बोल तिच्याशी."

म्हणजे तिला ठाऊक होतं. बहुधा सगळ्यांनाच होतं. आणि सगळे इतके दिवस त्याला नुसते बघत होते.

तो उठला. खुर्ची मागे आपटली.

बोळाच्या टोकाला बादली होती. बादलीपाशी ती.

ओग्न्यान दारात कॉफी घेऊन उभा होता. असू दे, स्विलेनला वाटलं. सगळे असू देत.

"आई!"

बोळात आवाज घुमला. ओग्न्यानचा कप थांबला.

तिनं वर पाहिलं. त्याच्याकडे, सरळ, शांतपणे.

"आई, मी..."

मग तिनं वळून मागे पाहिलं. मागे नुसती भिंत आणि बंद लिफ्ट होती.

तिनं पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, ओशाळून हसली, आणि बादली ओढत भिंतीला लागून बाजूला झाली, ज्या बाईला हाक मारली तिला यायला वाट मिळावी म्हणून.